इंजिनिअर नाही म्हणाला

गेल्या माघात, सोमवारी सकाळी, माझे साडू वारले.

कॅप्टन या जातीवर त्यांच्याइतका राग दुसऱ्या कोणी धरला असेल असे मला वाटत नाही. ते मूळचे खानदेशातले. गुजरातेत हजीऱ्याच्या बंदरात टगवर इंजिनिअर होते. मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी ही टग म्हणजे बुटकी, दणकट बोट. तिच्या पोटात साडूंचा जन्म गेला. पण त्यांचा राग बंदरातल्या कॅप्टनांवर नव्हता, तो होता पुस्तकांतल्या कॅप्टनांवर. चौकातल्या रद्दीवाल्याकडून ते जुन्या विज्ञानकथा आणत, इंग्रजी-मराठी मिळतील तशा, आणि दर रविवारी त्यातली एखादी घेऊन माझ्याकडे भांडायला येत. मी मराठी शाळेतला निवृत्त मास्तर, तेव्हा जगात जे काही छापले जाते त्याला मीच जबाबदार, असे त्यांनी धरून ठेवले होते. "हे बघा मास्तर! इंजिनिअर सांगतोय, इंजिन फुटेल. कॅप्टन म्हणतो, ते काही नाही, अजून वेग दे. आणि हा बावळट देतो! बरं, देतो तर देतो, पण मग फुटत का नाही? फुटायलाच पाहिजे भो!" इंजिन फुटले नाही म्हणून इतका हळहळणारा वाचक कुठल्याही लेखकाला मिळाला नसेल. तीनशे पाने जहाज ताऱ्याताऱ्यांतून हिंडते आणि कोणी एकदाही तेल बदलत नाही, फिल्टर बघत नाही, याचा तर त्यांना घोर अपमान वाटे. मी एकदा म्हणालो, "अहो, ती गोष्ट आहे." ते म्हणाले, "गोष्टीतसुद्धा मशीनला खोटं खपत नाही." ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, आतून ओरडायची, "मास्तर, तुम्ही त्यांना उत्तरं देऊ नका, रक्तदाब वाढतो." कोणाचा, ते ती सांगत नसे.

पुस्तकाबाहेरही तेच. यंत्राजवळ बसलेल्या माणसाने 'जमणार नाही' म्हटले की साडू त्याच्या बाजूने उभे राहत. एकदा भाचीच्या साखरपुड्याला आम्ही नटूनथटून रिक्षाने निघालो होतो. पर्वत पाटियाच्या पुलाच्या तोंडाशी रिक्षावाला सहज पुटपुटला, "लोड जादा छे, काका." झाले! साडूंनी सगळ्यांना खाली उतरवले. रिक्षा रिकामी पूल चढली आणि आम्ही शालू-सदऱ्यानिशी मागून चालत. रिक्षावाला वरून विनवीत होता, "अरे काका, मैं तो ऐसेच बोला!" साडूंनी त्यालाच झापले, "ऐसेच मत बोला कर. बोला तो बोला!"

या गृहस्थांना मी नाटकात घेतले. आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी लिहिलेले अंतराळयानाचे नाटुकले होते. कॅप्टनच्या भूमिकेला मिळाले साडूंचे खरेखुरे कॅप्टन. हे वलसाडकडचे गुजराती, उंच आणि कमी बोलणारे. दोघे एकाच टगवर होते आणि निवृत्तीनंतर आमच्याच सोसायटीत राहायला आले. मराठी संवाद त्यांनी गुजराती लिपीत लिहून पाठ केले. शेवटच्या प्रवेशात यान कृष्णविवराकडे खेचले जाते, कॅप्टन गरजतो, "पूर्ण शक्ती!", इंजिनिअर आधी नको म्हणतो, मग मान तुकवतो आणि यानातले पृथ्वीवासी वाचतात. तालमीत साडूंनी ती मान तुकवली. पण कशी, तर दात काढून घेताना माणूस तोंड उघडतो तशी.

प्रयोगाच्या दिवशी कॅप्टन गरजले, "पूर्ण शक्ती!"

साडू म्हणाले, "नाही."

"पूर्ण शक्ती!" कॅप्टन पुन्हा गरजले. मला वाटले, साडू ओळ विसरले. मी विंगेतून ओळ सांगितली. त्यांनी माझ्याकडे वळून, माइकसमोर, सांगितले, "ऐकू आलं मास्तर. नाही देणार."

कॅप्टनांनी क्षणभर साडूंकडे पाहिले. मग गुजरातीत म्हणाले, "ठीक छे. बेसीए त्यारे." आणि दोघे प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओढून खरोखर बसले. साडूंनी खिशातली बडीशेप पुढे केली. मागे माझे काळे कापडी कृष्णविवर दोघा माणसांनी ताणून धरले होते, त्यांचे हात भरून आले. लोक हसून हसून टाळ्या वाजवत होते आणि मी विंगेत पाय आपटत होतो. "माझी पृथ्वी बुडवलीत तुम्ही!" मी नंतर म्हणालो. साडूही तेवढ्याच तावात, "तुम्हीसुद्धा तसलंच लिहिलंत! कॅप्टन असा असतो का?" त्यानंतर महिनाभर आम्ही बोललो नाही. ते इंजिनिअरच्या मानासाठी भांडत आहेत, असे मी समजत होतो.

तेराव्याला कॅप्टन आले. जेवले नाहीत. फोटोसमोर बसून राहिले. मी सहज म्हणालो, "तुम्हा कॅप्टन लोकांवर फार राग हो त्यांचा." कॅप्टनांनी नकारार्थी मान हलवली आणि त्यांच्या तोडक्या मराठीत सांगू लागले.

"मास्तर, एकदा पावसाळ्यात मोठं जहाज आणायचं होतं. ऑफिस रेडिओवर बूम पाडत होतं, जल्दी करो. मी खाली सांगितलं, फुल पावर. एणे ना पाडी. नाही म्हणाला, तेलाचं प्रेशर पडतंय. मी विचारलं नाही किती, का. एणे ना पाडी, म्हणजे ना. जहाज पुढच्या भरतीपर्यंत बाहेर उभं राहिलं."

"मग?"

"चौकशी झाली. त्याला बाहेर बाकावर बसवलं होतं. मी आत सांगितलं, निर्णय माझा. नवी मोठी टग मला मिळणार होती, ती दुसऱ्याला गेली. बस. एटलूं ज. हा मात्र ते विसरला नाही. पुस्तक वाचून माझ्याकडे यायचा, म्हणायचा, बघा, तुमच्याबद्दल काय खोटं लिहितात हे लोक."

ताई दाराशी उभी होती. तिलाही हे ठाऊक नव्हते. इतक्या वर्षांत साडूंनी आम्हाला कॅप्टनांचा हा मोठेपणा कधी सांगितला नाही. ते फक्त लेखकांवर चिडत राहिले, आणि मी त्यांना समजावत राहिलो की ती गोष्ट आहे.

कॅप्टन उठले. ताईला म्हणाले, "बेन, कंई काम होय तो कहेजो." ती हो म्हणाली.

आता कॅप्टन संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर एकटे बसतात. मी कधीकधी शेजारी जाऊन बसतो. इंजिनातले मला काही कळत नाही.