रोज एकच अंश

वैजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच प्रयोगशाळेत होते. ती सांगून गेली होती तसा, रोज संध्याकाळी करायचे तसा, तिच्या थंड कपाटाच्या तापमानाचा आकडा दहावरून नऊवर आणत होते. तिच्या भावाशी काय बोलले ते आठवत नाही… आकडा मात्र नऊवर आणला.

वैजयंती परबनं आणि मी मुलुंडच्या एका कॉलेजात सत्तावीस वर्षं शिकवलं. ती वनस्पतिशास्त्र, मी रसायन. भांडुपच्या चाळीत वाढलेल्या या बाईला झाडं थंडी कशी सोसतात याचं वेड कुठून लागलं, देव जाणे. “अगं, मुलुंडात थंडी पडते कुठे?” म्हटलं की म्हणायची, “म्हणून तर कपाट घेतलंय ना! गप ऱ्हव.” पेशीभोवतीचं पातळ आवरण बरंचसं स्निग्ध पदार्थांचं असतं. एकदम गारठा बसला की ते तुपासारखं थिजतं, फाटतं आणि पेशीला गळती लागते. थंडी हळूहळू वाढवली, तर मात्र रोप आपले स्निग्ध पदार्थ बदलतं, तेलासारखे न थिजणारे करून घेतं. तिची हरभऱ्याची शेवटची चाळीस रोपं तेच शिकत होती. हॉस्पिटलात माझा हात घट्ट धरून म्हणाली, “रोज एकच अंश हां. घाई केलीस तर वाट लागली समज.” मी शब्द दिला.

चार दिवसांनी कॉलेजात शोकसभा झाली. विभागप्रमुखांनी वैजूच्या चिकाटीवर वीस मिनिटं भाषण ठोकलं. मग कोकम सरबत आलं, दात शिवशिवतील इतकं गार. “एवढं गार कुठे केलंत?” मी विभागप्रमुखांना सहज विचारलं. “मॅडमच्याच कपाटात! सकाळीच बटण पार शेवटपर्यंत फिरवून ठेवलं. मॅडमचाच कार्यक्रम ना!”

मी धावले. रोपांचे ट्रे मागच्या भिंतीला चेपलेले, पानं काचेसारखी, बोट लावताच पाणी सोडणारी. दारावर वैजूच्या अक्षरात ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी, आणि हा माणूस तिसऱ्या वर्षाला पेशींची आवरणं शिकवतो हो! मागून येऊन म्हणतो कसा, “अहो, हरभरेच ना? परत पेरू.” “लाज नाही वाटत तुम्हाला?” मी सगळ्यांसमोर ओरडले. दुःखानं भान सुटलं असं वाटून कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताचाही राग आला. अजून येतो.

पानं पाण्यात ठेवून त्यांतून किती क्षार झिरपले ते वैजू मोजायची, त्यावरून आवरण किती फाटलं ते कळायचं. मेलेल्या रोपांचंही मोजायची, आणि वहीत कारण लिहायची. सगळे गेल्यावर मी तेच केलं. जवळजवळ सगळं झिरपून गेलं होतं. कारणाच्या रकान्यात आधी विभागप्रमुखांचं नाव लिहिलं, मग खोडलं. खाली लिहिलं : शोकसभेसाठी सरबत गार केलं. दोन ग्लास मी प्यायले.