सुपरहिरो आणि आमच्या शाळेतल्या मावशी

"पहिला दम घ्या. मंग खोटं बोला."

मधल्या सुट्टीत दोन पोरं एकमेकांच्या कॉलरला भिडली, की आमच्या शाळेतल्या मावशी धावत सुटायच्या नाहीत. हातातला झाडू भिंतीला टेकवायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि चालत जायच्या. दोघांची मनगटं धरून त्यांना व्हरांड्याच्या एकाच पायरीवर शेजारी शेजारी बसवायच्या आणि मग हे वाक्य. पोरं खरोखरच दम घ्यायची. तोवर एकाला हसू फुटायचं आणि खोटं बोलण्याचा उत्साहच निघून जायचा.

"सुरुवात कोणी केली?" हा आम्हा शिक्षकांचा आवडता प्रश्न. मावशींनी तो कधी विचारलेला मी ऐकला नाही. त्या विचारायच्या, "कुठं उभा होतास?" भांडणाशी उभं राहण्याच्या जागेचा काय संबंध, असं मला तेव्हा वाटायचं.

अशा मावशी तुमच्याही शाळेत होत्या. घंटा देणाऱ्या, पहिलीतल्या पोरांची नाकं पुसणाऱ्या, पाहुण्यांना चहा नेणाऱ्या. आपण सगळ्यांनी त्यांना पाहिलेलं असतं. त्या दिवसभर काय पाहतात, हे मात्र आपण कुणी विचारलेलं नसतं. मीही नाही, आणि मी तर स्वतःला कष्टकऱ्यांच्या बाजूची समजत होते.

मी महाडच्या त्या शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. मावशी ठेकेदाराकडच्या, माझ्यासारख्याच कंत्राटी. मूळच्या पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीतल्या. बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि सहाआसनी रिक्षाने सगळ्यांच्या आधी शाळेत पोचायच्या. चारचौघांत मला 'मॅडम' म्हणायच्या. आम्ही दोघीच असलो की 'गो मॅडम'.

"काय गो मॅडम, आज परत कुणावर लिवलंस?"

कारण माझ्या पिशवीत कायम कुठलं ना कुठलं पत्रक असायचं. आमच्या घरात कपाटभर चळवळीची पत्रकं होती. अक्षरओळख मला त्यांतूनच झाली. एसटी स्टँडवर वडिलांबरोबर पत्रकं वाटतच मी मोठी झाले.

मग एक दिवस चौथीतल्या एका मुलाचा दात पडला. दुधाचा नव्हे, कायमचा. पाण्याच्या टाकीपाशी दोघांची ढकलाढकली झाली होती. मुख्याध्यापक सर पोचले तेव्हा एक मुलगा तोंड दाबून रडत होता आणि दुसऱ्याच्या कपाळावर सरकवलेला एक प्लास्टिकचा मुखवटा होता, कुठल्याशा सुपरहिरोचा. सरांनी मुखवटा पाहिला आणि निकाल लागला.

दुसऱ्याच आठवड्यात संस्थेने ठरवलं की शाळेत सुपरहिरोंचं चित्र असलेली कुठलीही वस्तू चालणार नाही. दप्तर, डबा, बाटली, कंपासपेटी, वहीवरचं स्टिकर, काही नाही. पालकसभेत तसा ठराव करायचा होता. पालकांसाठी पत्रक कोण लिहिणार? सर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमची लेखणी जरा गरम आहे."

मी मनापासून लिहिलं, हे इथे लपवणार नाही. मुठीने प्रश्न सुटतात असं लेकरांना शिकवून वर त्याच मुठीचं चित्र दप्तरावर छापून विकणाऱ्या कंपन्यांचा मला राग होता. अजूनही आहे. 'हिंसेचा प्रत्येक मुखवटा आम्ही आमच्या शाळेच्या वेशीबाहेर ठेवू' हे वाक्य लिहिल्यावर मी ते स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

ठरावाची वाट न पाहता सरांनी सोमवारपासूनच अंमल सुरू केला. मावशींना फाटकाशी उभं केलं आणि हातात एक रिकामं खोकं दिलं. जे सापडेल ते काढून घ्यायचं.

घंटा झाली. मी खोक्यात डोकावले. आत फक्त एक डबा होता, मावशींचा स्वतःचा.

"एवढ्या पोरांत एकही चित्र सापडलं नाही?" मी विचारलं.

"सापडली की. हिरवी, निळी, उडणारी, भिंतीवर चढणारी. सगळी आत गेली."

"मावशी, नियम आहे."

"ती बघ." त्यांनी पहिलीतल्या एका मुलीकडे बोट केलं. बिरवाडीतल्या एका कामगाराची मुलगी. पाठीवर तिच्याहून मोठं दप्तर, त्यावर झेप घेणारा कुणीतरी. "मुंबईच्या काकानं गणपतीला आणलंय. वर्षाचं एकच दप्तर हाय तिला. ते काढून घेतलं तर वह्या कशात घालील गो ती, ओच्यात?"

"पण त्या चित्रातून मुलं काय शिकतात..."

"चित्रात कोण हाय मला ठाव नाय. आत पुस्तकं हायत, ती मीच भरून देते रोज संध्याकाळी."

सरांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. बाहेर आल्या तेव्हा चेहरा नेहमीसारखाच होता. पुन्हा असं झालं तर ठेकेदाराला कळवावं लागेल, असं सर म्हणाले होते. म्हणजे काय, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. अकरा महिन्यांचा करार, नूतनीकरण ठेकेदाराच्या मर्जीवर.

"उद्यापासून घ्या काढून," मी म्हटलं. "काम जाईल, मावशी."

"गेलं तर दुसरा झाडू धरीन. शाळेचा झाडू काय सोन्याचा हाय?"

म्हणाल्या खऱ्या. पण त्या पगारातूनच खोलीचं भाडं जात होतं, हे मला माहीत होतं.

शनिवारी पालकसभा झाली. हॉल भरला होता. एमआयडीसीतली पहिली पाळी संपवून थेट आलेले बाप, मागे भिंतीला टेकून उभ्या आया. मी पत्रक वाचलं. टाळ्या पडल्या. संस्थेच्या अध्यक्षांनी मान डोलावली. ठराव मांडणार तेवढ्यात चहाचा ट्रे टेबलावर ठेवून मावशी तिथेच उभ्या राहिल्या.

"साहेब, मी एक बोलू?"

"चहा झाला आमचा, मावशी," अध्यक्ष म्हणाले.

"चहाचं नाय."

हॉलमध्ये हशा पिकला. मावशी तो ओसरेपर्यंत थांबल्या.

"या शाळेत मारामारी झाली की सोडवायला मी जाते. गुरुजी येतात ते नंतर. तर या वर्षीच्या सांगते. गणपतीच्या आधी सहावीतले दोघं, नळावर. दसऱ्याच्या तोंडावर पाचवीतल्या पोरी, नळावर. त्या दोघा जुळ्या भावांचं, नळावर. एकदा जिन्यात. मंग परत नळावर." बोटांवर मोजत त्या सांगत गेल्या. नळावर, नळावर, नळावर. मागच्या आया हसायला लागल्या, मग हसायच्या थांबल्या.

"आपल्या टाकीला पाच तोट्या हायत. चालू किती?"

खरं सांगायचं तर समोर बसलेल्या आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं.

"एक. सुट्टी पंधरा मिनिटांची. अख्खी शाळा एका तोटीला. पोरं डबा खातात, ठसका लागतो, पाणी नाय. मोठी पोरं घुसतात, बारकी मागं राहतात, घंटा होते. मंग ढकलाढकली नाय होणार तर काय आरती होणार?"

"पण त्या मुलाचा दात..." सर म्हणाले.

"दात तोटीवर आपटून पडला, सर. तोटीला रगत होतं, मीच पुसलं. मुखवटा त्या दुसऱ्याच्या डोक्यावर होता, तो तुम्हाला दिसला. तोटी नाय दिसली."

एक सदस्य जरा चिडून म्हणाले, "मावशी, मुलांच्या मनावर चित्रांचा काय परिणाम होतो, याचा तुम्ही काही अभ्यास केलाय का?"

"नाय केला. सोडवायला गेलेय."

आणि मग त्यांनी हॉलच्या भिंतीकडे हात केला. तिथे तलवार उपसलेला मावळा रंगवलेला आहे. रायगडाच्या पायथ्याच्या शाळेत तो असायचाच. "ह्याच्या खाली बसून पोरं परीक्षा देतात. कुणी कुणाला कापला नाय अजून. ह्याला बघून ताठ चालतात, बस्स. त्या उडणाऱ्याला बघून बी तसंच. मुखवटा मात्र नको शाळेत, ते माझं बी म्हणणं हाय. भांडण सोडवताना मला तोंड दिसायला हवं."

एवढं बोलून त्यांनी रिकामे कप गोळा करायला घेतले.

मी व्यासपीठावर बसले होते आणि माझ्या मांडीवर ते पत्रक होतं. शिक्षकांच्या खोलीत फिल्टर आहे. मी वर्षभर तिथलं पाणी पीत होते. त्या टाकीपाशी मी एकदाही गेले नव्हते. आणि मी महाडची मुलगी! आमच्या कपाटातली सगळ्यात जुनी, सगळ्यात पिवळी पडलेली पत्रकं पाण्याच्या हक्काची होती. ती मला तोंडपाठ होती. माझ्याच शाळेतली मुलं पाण्यासाठी दात पाडून घेत होती आणि मी चित्रांवर लिहीत होते. चित्राला गुन्हेगार ठरवायला एक कागद पुरतो, तोटीला प्लंबर आणावा लागतो. बंदी सोपी का वाटते, ते मला त्या दिवशी कळलं.

मी उठून माझं पत्रक मागे घेत असल्याचं सांगितलं. ठराव पुढे ढकलला गेला.

त्याच आठवड्यात मी दुसरं पत्रक लिहिलं आणि मावशींना वाचून दाखवलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"हे 'भांडवली व्यवस्था' काय हाय?"

मी समजावलं.

"काढ. 'दांभिक' पण काढ. 'तृषार्त बालके' कोण?"

"तहानलेली मुलं."

"मंग तसं लिही की. नायतर तेवढं बी काढ. 'पाच तोट्या चालू करा, सुट्टी वाढवा.' पुरे झालं."

"एवढंच? पत्रक आहे, मावशी!"

"गो मॅडम, ज्याला समजायचं त्याला एवढ्यात समजंल."

मी आजवर लिहिलेलं ते सगळ्यात छोटं पत्रक. एका रविवारी चार-पाच बाप स्वतःचे पाने-पकडी घेऊन आले. कारखान्यात फिटर असलेल्यांना टाकीचा पाइप म्हणजे काहीच नाही. दुपारपर्यंत पाचही तोट्या वाहायला लागल्या. सुट्टी दहा मिनिटांनी वाढली. दप्तरांवरची बंदी आलीच नाही. मुखवटे मात्र घरी राहिले. त्यानंतर शाळेत भांडणं झाली नाहीत असं नाही. मुलं आहेत, भांडणारच. पण नळावर एक रांग उभी राहिली, आणि रांगेत पहिलीची पोरं पुढे असायची.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा फाटकाशी दुसरी बाई होती. मावशींचा करार मे महिन्यात संपला होता आणि ठेकेदाराने तो पुन्हा केला नव्हता. सुट्टीत संपल्यामुळे निरोपसमारंभाचा प्रश्नच आला नाही. मी ऑफिसात जाऊन कारण विचारलं. "तो ठेकेदाराचा विषय आहे," असं उत्तर मिळालं. संस्थेला मी लेखी विचारलं. वर्तमानपत्रांना लिहायची तयारी केली आणि मावशींना फोन लावला.

"माझ्यावर पत्रक नको," त्या म्हणाल्या. "पाणी येतंय ना? मंग माझं काम झालं. मी वाडीवर आलेय, बरी हाय."

मला ते पटलं नाही. त्यांना काढलं कारण त्यांनी खरं सांगितलं, हे मी तेव्हाही लिहिणार होते आणि आज लिहिते आहे. पण त्यांच्या आवाजात हरल्याची खूण शोधली, ती सापडली नाही.

भात कापणीला आलं होतं तेव्हा मी त्यांच्या वाडीवर गेले. पोलादपूरहून निम्म्या वाटेपर्यंत रिक्षा मिळाली, पुढचा चढ पायी. घराला नुसती कडी होती. शेजारच्या अंगणात एक म्हातारी सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"ती नाय घरात," म्हातारी म्हणाली. "पोलादपूरला गेलीय. पोरांची शाळेची एसटी बंद केलीय ना आठ दिवसांपासून. पोरं चालतात. तर वाडीवरच्या सगळ्या बायका घेऊन सकाळीच डेपोत गेलीय."

"मग कधी येईल?"

"ते काय सांगून नाय गेली. एसटी घेऊनच येते, एवढंच म्हणाली."

मला हसू आलं. म्हातारीने मला ओट्यावर जागा करून दिली आणि तांब्या पुढे सरकवला. आम्ही दोघी खालच्या वळणाकडे बघत बसलो. ऊन उतरत होतं. पोरं एकेक करून बांधावर येऊन उभी राहायला लागली, कुणी बोलावलं नसताना.

बऱ्याच वेळाने खाली घाटात कुठल्याशा जड गाडीने गिअर बदलला. म्हातारीने सूप बाजूला ठेवलं, आणि आम्ही दोघीही उठून उभ्या राहिलो.