गुरुवारपुरतं काळं

फोतिनीचा नवरा समुद्रात बुडून गेला तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. आठवड्याच्या आत तिच्या सासूनं, स्तामातियाबाईंनी, तिचे सगळे कपडे काळा रंग कालवलेल्या हंड्यात उकळून काढले. एक लिंबाच्या रंगाचा ब्लाउज होता, तोही काळा झाला. बटणांनी तेवढा रंग घेतला नाही. याला नऊ वर्षं झाली. घर सासूचं, पाहुण्यांच्या खोल्या सासूच्या, तेव्हा सुनेनं काय घालावं हेही सासूच ठरवणार. आमच्या निसिरोस या ग्रीक बेटावर याला जुलूम म्हणत नाहीत, रीत म्हणतात.

फोतिनीला काळ्यातून बाहेर पडायचं होतं. तसं ती कधी बोलली नाही. पण कापडवाल्याच्या निळ्या ताग्यापुढे ती जितका वेळ उभी राहायची, तितका वेळ आमचे पाद्रीही देवाच्या तसबिरीपुढे उभे राहत नाहीत.

एका इंग्रज बाईंचं पत्र आलं: गुरुवारच्या बोटीनं येते, धक्क्यावर तुम्हाला ओळखू कशी? बेटावर इंग्रजीचा मास्तर मी एकटा, म्हणून उत्तर लिहायला मला बोलावलं.

"लिहा मास्तर, मी काळं घालते म्हणून."

"तसं लिहिलं तर जन्मभर घालता असं होतं, फोतिनीबाई. त्या दिवशी काळं घातलेलं असेल, असं म्हणायला इंग्रजीत क्रियापद वेगळ्या तऱ्हेनं चालवावं लागतं."

आमच्या ग्रीकमध्ये दोन्हीला एकच शब्द. आणि काळं घातलंय म्हटलं की विधवा, संपलं.

फोतिनीनं हातातली काकडी खाली ठेवली. "म्हणजे इंग्रजांकडे एका दिवसाचं काळं वेगळं मिळतं?"

"मिळतं की."

"मग तेच द्या. गुरुवारपुरतं."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारचं इंग्रजी मला कुठं येतंय!" म्हणून ती हसली. चांगली खळखळून हसली.

"हसायला काय झालं गं?" शेंगा सोलता सोलता सासूबाईंनी विचारलं.

"व्याकरण चाललंय, स्तामातियाबाई," मी म्हणालो.

"चालू दे. पण व्याकरणाला आवाज नसतो."

गुरुवारी धक्क्यावर निम्म्या बायका काळ्यातच. इंग्रज बाई बिचाऱ्या एकेकीपुढे थांबत फोतिनीपाशी पोचल्या, कारण हात हलवणारी ती एकटीच होती.

शुक्रवारी सकाळी दुभाष्या म्हणून मी न्याहारीला हजर. पाहुणीनं फोतिनीकडे पाहून मायेनं विचारलं, "तुम्ही नेहमीच काळं घालता?"

साधा वर्तमानकाळ. फोतिनीलाही कळला. तिनं पाण्याचा जग टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "टुडे." एवढंच.

सासूबाईंनी मान वर केली. "मास्तर, काय म्हणाली ती?"

सत्तावीस वर्षं पोरांची वाक्यं दुरुस्त करायची सवय. तोंडातून निघून गेलं, "नेहमीच घालते, म्हणाली."

"मग? हे काय विचारायचं असतं?" सासूबाई पुन्हा अंडं सोलू लागल्या.

फोतिनीनं माझ्या कपात कॉफी ओतली. काठापर्यंत, इतकी काठोकाठ की तो कप मला उचलताच येईना.