यंदा झोका बांधला नाही

आज अक्षय्य तृतीया, आमच्याकडची आखाजी. सकाळी ह्यांच्या नावाची घागर पुजली, पाहुणे जेवले आणि दुपारी माझ्या सात वर्षांच्या पिहूने आतेभावाला कडकडून चावा घेतला.

नणंदबाई म्हणाल्या, "बाप गेला म्हणून किती लाड करशील, वहिनी? एक लगाव."

पिहू पलंगाखाली शिरली. जवळच्या लालबागहून भेटायला आलेल्या बायका माझ्यासमोर बसल्या होत्या. पहिल्याच सणाला त्यांच्यातून उठणं बरं दिसत नाही. तरी उठले.

"का चावलीस?"

"तो बोलला, तुझ्या घरी झोका नाही. सबके घर आहे, मम्मी. पप्पा दर आखाजीला बांधायचे."

दुखवट्याच्या वर्षी झोका बांधत नाहीत, हे तिला आम्ही कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. मग म्हटलं, "चावायचं नाही. पण राग मलाही येतो. मलाही झोका हवा होता."

"तू भी बैठती थी?"

"तू झोपलीस की. पप्पाच झोके द्यायचे."

ती बाहेर आली. भावाची माफी मागायला मात्र तयार झाली नाही.

मी परत बायकांमध्ये जाऊन बसले. नणंदबाईंनी विचारलं, "मारलं का?" मी नाही म्हटलं. "मग बिघडणारच." मी बायकांना पाणी दिलं. मला याच घरात राहायचं आहे.

भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत, तुम्ही मुलांना कसं सांभाळता? खरंच सांगा.

आता सगळे अंगणात आहेत. सकाळी मीच काढून ठेवलेला झोक्याचा दोर गुंडाळून परत पेटीत ठेवला.