चाचांचं फर्मान

सर्व नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, औरंगपुऱ्यातल्या आमच्या स्कॅन सेंटरमध्ये यंत्र चालवणाऱ्या चाचांच्या राज्यात पंखा सोडून कुणालाही हलायची परवानगी नव्हती. यंत्र सुरू करण्याआधी काचेआडून माइकवर फर्मान सुटायचं, "हलायचं नाय. जग हललं तर हलू द्या." तहसीलदार असो की बाजारातला बकरीवाला, सगळे निमूट पडून राहायचे.

मी तिथं रिपोर्ट टाइप करतो. मेंदूत रक्तस्राव झालेला पेशंट आला, की डॉक्टर कधी कधी मेंदूतल्या रक्तप्रवाहाचं रंगीत चित्र काढायला सांगत. मला त्यात नुसती रंगपंचमी दिसे. चाचा मूळचे पाचोडचे, कालव्याकाठचे. ते म्हणत, "जिथं पाट फुटला, तिथलं पीक गेलं. आजूबाजूच्या वावराला पाणी पोचतंय का, ते बघायचं. पोचलं, तर उमेद."

निकाल सांगायचा तो डॉक्टरांनी. म्हणून नातेवाईक चाचांच्या चेहऱ्यावर तो शोधत. त्यावर उपाय म्हणून चाचांनी एक खास चेहरा कमावला होता. पाव हसू, बाकी कोरा. मलाही आरशासमोर उभं करून शिकवला. जमला नाही. "तुम्ही तर पूर्णविरामासकट सांगून टाकता," म्हणाले.

या उन्हाळ्यात काम करता करता चाचाच खुर्चीतून कलंडले. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तस्राव. उजवा हात गेला, वाचा गेली. ज्या टेबलावर त्यांनी अर्धा जिल्हा झोपवला, तिथंच त्यांना झोपवलं. चित्रात रक्ताच्या गाठीभोवती निळं पसरलेलं, कडेला जरासं हिरवं. डॉक्टर बाहेर येण्याआधीच चाचींनी मला गाठलं. "भाई, फिर बोलेंगे ना ये?" मी तो चेहरा करून पाहिला. पाव हसू आलं, पण बाकीचं कोरं राहिलं नाही. मग डॉक्टरांनी सांगितलं, आजूबाजूला रक्त कमी पोचतंय, पण पोचतंय. बोलणं परत येण्याची आशा आहे, खात्री नाही.

महिनाभराने पुन्हा तपासणी ठरली. तोवर चाचांच्या तोंडून एक शब्द नाही. काचेआड आता त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या ताई होत्या. चाचांना यंत्रात सरकताना पाहता पाहता ताई फर्मान द्यायचं विसरल्या आणि त्यांनी थेट बटण दाबलं.

यंत्राच्या पोटातून घोगरा, चिडका आवाज आला, "हलायचं... नाय... म्हण की."

ताईंनी पडद्यावरच्या धूसर झालेल्या चित्राकडे पाहिलं, डोळे पुसले आणि माइकवर म्हणाल्या, "चाचा, हललात ना तुम्ही."