प्रार्थनेची यादी आणि हद्दीची रेघ

चर्चच्या गायकवृंदाच्या चौदा झग्यांपैकी सहांना वर्लीन गॅडसनने इस्त्री केली होती. सातव्याची एक बाही झाली, दुसरी तशीच चुरगळलेली, तोच तिचा नवरा ओझेल आला आणि त्याने वर्तमानपत्र इस्त्रीच्या फळीवरच पसरलं. "घे, आला एकदाचा तुमचा नकाशा."

मागच्या मंगळवारी काऊंटीच्या सभागृहात सुनावणी झाली होती. आमदारकीच्या मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखायच्या, लोकांनी म्हणणं मांडावं, माणशी दोन मिनिटं. पण भिंतीवर नकाशाच नव्हता. मग बोलायचं कशावर, असं वर्लीनने विचारलं, तेव्हा समितीचा माणूस गोड हसून म्हणाला की काम वकिलांकडे चालू आहे. कोऱ्या भिंतीकडे बघत तिने आपली दोन मिनिटं काढली, आणि तेव्हापासून तिला चैन नव्हतं. लपवायचं नसतं तर टांगला असता.

छापणाऱ्यांनी गावाचा भाग मोठा करून दिला होता. चष्मा चढवून तिने रेघेवरून बोट फिरवलं. नदीकाठाने सरळ येणारी रेघ गिरणी रस्त्यावर शिरली, कोपऱ्यावरच्या बर्निस टूलच्या घराला वळसा घालून मागच्या गल्लीत गेली, दोन घरं सोडून पुन्हा बाहेर आली. इस्त्री बंद करून ती आत गेली आणि आपली वही घेऊन आली.

बुधवारचं प्रार्थनामंडळ ती सात वर्षं चालवत होती. कोण आजारी, कोणाचा मुलगा तुरुंगात, कोणाच्या मनात काय सलतंय, सगळं पत्त्यासकट वहीत. म्हणजे भेटायला जाता येतं. आमदार थर्मन पेटवेने गिरणी रस्त्यावरचा दवाखाना बंद पडू दिला, तेव्हापासून तिथली माणसं त्याच्यावर उखडलेली. बर्निससकट अशा एकोणीस घरांपुढे तिने लिहिलं होतं: दवाखान्याचा राग, प्रभू, शांत कर. थर्मन याच चर्चचा, लहानपणी तिच्याच रविवारच्या वर्गात बसलेला. ईस्टरला त्याने मोठ्या भक्तीने वहीतल्या यादीची प्रत मागितली, मीही प्रार्थना करीन म्हणाला. तिने दिली होती.

एकोणिसापैकी एकोणीस घरं रेघेपलीकडे, थर्मनच्या मतदारसंघाबाहेर गेली होती.

तिने त्याला फोन लावला.

"मिस वर्लीन, नकाशा कॉम्प्युटर काढतो. मी फक्त हात वर केला."

"मग दवाखान्याचा राग कॉम्प्युटरला कुणी सांगितला, थर्मन?"

वकिलांच्या गुप्ततेच्या कागदावर सही केलीय, आतलं काही बोलता येत नाही, म्हणाला. यादी कुठे आहे म्हटल्यावर, असेल घरात कुठेतरी. मग आवाज आणखी मऊ झाला. "हे वाढवू नका. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं तुमच्या हातून बाहेर गेलं, हे मंडळीत कळलं तर तुमचंच कसं दिसेल?"

फोन ठेवला तेव्हा ओझेल दारात उभा होता. "अगं, योगायोगही असेल. मतांचे आकडे त्यांच्याकडे असतातच की."

"असेल. पण मग त्याने मला घाबरवलं कशाला?"

नकाशा न दाखवता घेतलेल्या सुनावणीविरुद्ध कोर्टात गेलेल्या गावकऱ्यांच्या वकीलबाईंनी चर्चमध्ये सांगितलंच होतं की बंद दाराआडचे कागद उघडायला कोर्टाला कारण लागतं, कुणाचं तरी शपथेवरचं म्हणणं लागतं. म्हणजे यादी आपण दिली हे वर्लीनला सहीनिशी लिहून द्यावं लागणार, आणि त्यानंतर बुधवारी तिच्यापुढे कोण मन मोकळं करील? ती बराच वेळ गुडघ्यांवर प्रार्थनेत होती. उठली ती टेबलाशी बसली आणि तारखेपासून सगळं लिहून काढलं, काही न वगळता.

ओझेलने वाचलं आणि म्हणाला, सोमवारी नोटरीकडे नेतो तुला. वर्लीनने मान डोलावली. पण ज्यांचं दुखणं तिच्या हातून बाहेर गेलं होतं त्यांना कोर्टाच्या आधी कळायला हवं. झगे तसेच ठेवून तिने बूट घातले. तिला आधी बर्निस टूलकडे जायचं होतं.