ओल्गाबाईंनी लिवलेला गप

"सांगा की तात्या, सांगा की," म्हणून पोरांनी आठ दिवस डोकं खाल्लं माझं. आता लिवतोय तर मुकाट वाचा! किस्से बँडच्या डगल्यांगत असत्यात. एकाच खुंटीवर साठत जात्यात, एक काढाय गेलं की समदे अंगावर!

तर ओल्गाबाई. रशियाच्या. उचगावच्या आमच्या डॉक्टरनं तिकडं शिकताना लगीन केलं आणि नव्वद सालानंतर त्यांना घिऊन आला. तिकडं बाई चाली बांधायच्या, संगीत शिकवायच्या. हितं शिकवायला कोण घावलं? आमचा लग्नाचा बँड! बारा माणसं, ढोल माझा.

*

पयल्या दिवशी बाईंनी कागद वाटलं. कागदावर सुरांच्या खुणा, मला नुसत्या मुंग्या.

"वाचा, तात्या."

"बाई, तिसरीत शाळा सोडली म्या. पाटी वाचून हुईस्तवर गडहिंग्लजची एसटी कागलला पोचती!"

*

मग बाईंनी भाकरी आणली. अख्खी म्हंजे चार ठोकं, अर्धी म्हंजे दोन, चतकोर म्हंजे एक. कॉर्नेटचा पितळी भोंगा फुंकणारा शिवा एक ठोका खायाचाच.

"शिवा, चतकोर कुठं गेला?"

"पोटात की, बाई! कालवण तेवढं राहिलं."

*

मराठी बाई आमच्याकडनंच शिकल्या. एका कॉलेजात त्यांचा सत्कार व्हता, आणि पुढारी काय माइक सोडंना. बाई उठल्या, हात जोडलं, लई गोड आवाजात म्हणाल्या, "पावणं, आता गप बसा की!"

त्या दिवशी टाळ्या तेवढ्यालाच पडल्या.

*

बाईंचा एकच हट्ट. "तात्या, माझ्या चालीवर वरात नाचली की मी हितली."

चाल झकास बांधली. पण मधी सोळा ठोकं मोकळं! म्या तिथं ढोल हाणला. बाईंनी माझी ढोलाची काठीच धरली.

"हितं गप लिवलंय!"

"बाई, रस्त्यात बँड गप झाला की लोक..."

"गप म्हंजे गप! तुम्हाला ताल कळत न्हाय!"

समद्या बँडसमोर! ढोल बडवण्यात माझी हयात गेली!

शेवटी माझ्या पुतण्याच्या वरातीत चाल घेतली. लोक नाचाय लागलं. बाई डोळं पुसत बाजूला उभ्या. आणि गप आला.

आमच्याकडं भर वरातीत बँड थांबतो तो एकाच कारणानं. समोरनं मयत आली की.

नाचणारं जागच्या जागी थिजलं. टोप्या उतरल्या. बायांनी पदर सावरलं. नवरदेव अर्धा घोड्यावर, अर्धा खाली, हात जोडलेलं! समदी वरात मयत कुठनं येती ते बघती.

सोळा ठोकं संपलं आणि म्या असला दणका दिला की घोडंसुद्धा बिचकलं. लोक हसून हसून दुप्पट नाचाय लागलं. पुन्ना गप आला, तवा समदी वरात आपण होऊन हात जोडून थांबली, आणि ढोलाबरोबर उसळली! पुढं सुपारी द्यायला येणारा पयलं हेच विचारायचा, "ते मयतीला थांबायचं वाजवता न्हवं?"

त्या दिवशी बाई नाचतच माझ्याकडं आल्या. "तात्या, झाले की न्हाय मी हितली?"

"व्हय. पण मला ताल कळत न्हाय म्हणालता, त्याचं काय?"

बाईंनी ओठावर बोट ठेवलं, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर सोळा ठोकं मोजाय लागल्या.

माफी अजून यायची हाय. उधारीच्या वहीत नाव लिवून ठेवा: ओल्गाबाई, उचगाव.